वाचक विचारतात : डेट्रॉइटचे ग्राहक जपानी गाड्यांकडे का गेले?

जनरल मोटर्सच्या दिवाळखोरीवरच्या गेल्या अंकातील लेखात आम्ही लिहिले होते की, कंपनीने १ जून २००९ रोजी न्यायालयात अर्ज केला खरा, पण तिचे ग्राहक त्याआधी तीस वर्षे गळत होते आणि त्यातले बरेचसे जपानी गाड्यांकडे जात होते. त्यावर आलेल्या पत्रांतले प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. ‘डेट्रॉइट’ म्हणजे येथे त्या शहराभोवतीच्या तीन बड्या अमेरिकी मोटार कंपन्या : जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर.

प्रश्न : १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल अडवले, पेट्रोल महागले आणि जपानकडे नेमक्या छोट्या गाड्या तयार होत्या. हा निव्वळ योगायोग झाला. यात डेट्रॉइटची चूक ती कोणती?

योगायोग होताच. पण तेलाचा धक्का दोनदा बसला, आणि मधल्या वर्षांत काय झाले ते पाहायला हवे. १९७४ नंतर पंपावरच्या रांगा संपल्या तसा अमेरिकी ग्राहक पुन्हा मोठ्या गाडीकडे वळला. डेट्रॉइटने त्यावरून ताडले की छोट्या गाडीची हौस चार दिवसांची आहे. १९७५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून मोटारींची सरासरी १९८५ पर्यंत गॅलनला २७.५ मैलांवर, म्हणजे लिटरला साधारण ११.७ किलोमीटरवर नेण्याचे बंधन घातले. तेव्हा नव्या गाड्यांची सरासरी याच्या जेमतेम निम्मी होती. कंपन्यांनी गाड्या लहान करायला घेतल्या, पण ‘कायदा आहे म्हणून’ या भावनेने. १९७९ मध्ये इराणमधील क्रांतीनंतर तेल पुन्हा भडकले तेव्हा जपानी गाड्यांसाठी ग्राहक थांबायला तयार होते. १९८० साली जनरल मोटर्सला १९२१ नंतर प्रथमच वार्षिक तोटा झाला, सुमारे ७६ कोटी डॉलर. फोर्डचा तोटा दीडशे कोटींच्या घरात, क्रायस्लरचा त्याहून मोठा; क्रायस्लर तर १५० कोटी डॉलरच्या सरकारी कर्जहमीवर तगली.

मायलेजसाठी आलेला ग्राहक पेट्रोल स्वस्त झाल्यावर परत का आला नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पुढच्या दोन प्रश्नांत आहे.

जपान्यांना सगळे पहिल्या फटक्यात जमले, असेही नाही. टोयोटाने १९५७ मध्ये क्राउन ही गाडी अमेरिकेत नेली तेव्हा ती तिथल्या हायवेच्या वेगाला धापा टाकू लागली. कंपनीला काढता पाय घ्यावा लागला, आणि १९६५ मध्ये कोरोना हे मॉडेल घेऊन ती नव्याने उतरली.

प्रश्न : छोट्या गाड्या अमेरिकी कंपन्यांनीही काढल्या होत्या की! मग त्यांत नेमके काय बिघडायचे? ‘दर्जा वाईट’ असे मोघम उत्तर नको.

मग एकच गाडी घेऊ : १९७० च्या सप्टेंबरमध्ये आलेली जनरल मोटर्सची शेव्हरोले व्हेगा. तिच्या २.३ लिटर इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर ज्यात कोरलेले असतात तो ठोकळा) अॅल्युमिनियमचा होता, आणि सिलिंडरमध्ये लोखंडी लायनर (अस्तर) नव्हते. मिश्रधातूत सुमारे १७ टक्के सिलिकॉन होते. बोअरचा (सिलिंडरच्या पोकळीचा) पृष्ठभाग रासायनिक प्रक्रियेने असा खरवडायचा की सिलिकॉनचे कठीण कण वर उरतात आणि पिस्टन त्यांवर घसरतो. कल्पना चांगली होती. पोर्शने पुढे ९२८ मध्ये हाच मार्ग यशस्वी करून दाखवला. व्हेगात मात्र त्या ब्लॉकवर ओतीव लोखंडाचे हेड (वरचे झाकण) बसवले. दोन्ही धातू तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे गॅस्केटवर (दोन्हींमधल्या गळतीरोधक पट्टीवर) सतत ताण. त्यात रेडिएटर लहान. कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) थोडे कमी झाले की इंजिन तापायचे, बोअर वाकडे व्हायचे, गॅस्केट उडायचे आणि कूलंट सिलिंडरमध्ये शिरायचे. व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची सीले कडक होऊन तेल जळायचे ते वेगळेच. शिवाय गंज. सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवताना पुढच्या मडगार्डच्या वरच्या कोपऱ्यात हवा अडकायची, तेवढी जागा कोरी राहायची, आणि रस्त्यावरच्या मिठाने ती आतून खाल्ली जायची.

यातला एकेक दोष सुटण्याजोगा होता : मोठा रेडिएटर, कूलंटचा इशारा देणारा दिवा, मडगार्डला आतून अस्तर. ते सगळे आलेसुद्धा, पण गाड्या लाखोंनी विकल्या गेल्यावर. सुरुवातीला ते वगळण्याचे कारण पैशाचे. मोठ्या सेडानवर भरपूर नफा, छोटीवर किरकोळ. म्हणून छोट्या गाडीत डॉलर-डॉलर वाचवायचा. आमच्या मते डेट्रॉइटच्या दुखण्याचे मूळ इथे आहे. छोटी गाडी ही त्यांच्या दृष्टीने गरीब ग्राहकाची तात्पुरती सोय होती. जपानी कंपन्यांकडे विकायला दुसरे काही नव्हतेच.

दुसरे उदाहरण जनरल मोटर्सच्याच ओल्डस्मोबिल ब्रँडच्या ५.७ लिटर व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) डिझेलचे, मॉडेल वर्ष १९७८ ते १९८५. डिझेलचे संपीडन गुणोत्तर (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते) २२.५ : १, पेट्रोल इंजिनाच्या दुपटीहून जास्त. ब्लॉक जाड केला, पण हेडच्या बोल्टांची संख्या आणि जागा पेट्रोल इंजिनाच्याच ठेवल्या, म्हणजे यंत्रसामग्री बदलायला नको. बोल्ट ताणले जायचे, गॅस्केट गळायचे, कूलंट सिलिंडरमध्ये यायचे. पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड (पिस्टनची दांडी) वाकलाच. इंधनातले पाणी वेगळे करणारा सेपरेटर दिलेला नव्हता, त्यामुळे इंजेक्शन पंप गंजायचा. पाणी घालवायला मालक टाकीत अल्कोहोल ओतायचे, त्याने पंपाची सीले जायची. वर दुरुस्ती करणारा जुनेच बोल्ट पुन्हा बसवायचा. असे बोल्ट एकदाच ताणण्यासाठी असतात, म्हणून काही महिन्यांत गाडी परत गॅरेजमध्ये! या एका इंजिनाने अमेरिकी ग्राहकाच्या मनातून डिझेल मोटार कायमची उतरवली म्हटले तरी चालेल.

याच्या उलट होंडाची १९७५ ची सिव्हिक सीव्हीसीसी. मुख्य ज्वलनकक्षाच्या शेजारी एक चिमुकला कक्ष, त्याला तिसरा व्हॉल्व्ह. छोट्या कक्षातले इंधनाने गच्च मिश्रण ठिणगीने पेटते आणि त्याची ज्योत मुख्य कक्षातले पातळ मिश्रण पेटवते. १९७० च्या हवा-शुद्धता कायद्याच्या कसोटीला ही गाडी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारे उपकरण) न लावता उतरली. डेट्रॉइट तेव्हा मुदत वाढवून मागत होते. हे छोट्याच इंजिनात जमते असे कोणी म्हणू नये म्हणून होंडाने शेव्हरोले इम्पालाचे व्ही-८ त्याच पद्धतीने बदलून दाखवले.

गंजाच्या बाबतीत मात्र होंडालाही माफी नाही. १९७५ ते १९७८ च्या तिच्या गाड्यांची पुढची मडगार्ड इतकी सडली की अमेरिकी सरकारच्या दट्ट्यानंतर कंपनीला ती बदलून द्यावी लागली.

प्रश्न : कारखान्यात प्रत्यक्ष फरक काय होता? यंत्रे जास्त चांगली होती का?

यंत्रे तीच होती, काही ठिकाणी जपानकडे जुनीच होती. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी १९८६ मध्ये जनरल मोटर्सचा फ्रेमिंगहॅम (मॅसेच्युसेट्स) कारखाना आणि टोयोटाचा ताकाओका कारखाना तोलून पाहिला. एका गाडीच्या जुळणीला फ्रेमिंगहॅममध्ये ३१ तास, ताकाओकात १६. शंभर गाड्यांमागे जुळणीचे दोष इकडे सुमारे १३०, तिकडे ४५. सुट्या भागांचा साठा इकडे दोन आठवड्यांचा, तिकडे दोन तासांचा. निम्म्या वेळात तिप्पट निर्दोष! ‘दर्जा हवा तर खर्च वाढणार’ हे डेट्रॉइटचे गृहीतक या आकड्यांपुढे टिकत नाही.

कसे, ते लाइनवर उभे राहून पाहू. टोयोटात तेव्हा प्रत्येक कामगाराच्या डोक्यावरून एक दोरी जायची. बोल्ट आडवा गेला, भाग बसेना, की त्याने दोरी ओढायची. फलकावर त्याच्या जागेचा दिवा लागतो, धून वाजते. लाइन लगेच थांबत नाही. गाडी त्या टप्प्याच्या खुणेपर्यंत पोचायच्या आत टीम लीडर येतो. तेवढ्यात काम निस्तरले तर दोरी पुन्हा ओढून दिवा घालवायचा. नाहीच जमले तर खुणेपाशी लाइन थांबते. मग दोष का झाला ते खणून काढायचे आणि तो पुन्हा होऊच नये अशी तजवीज करायची.

डेट्रॉइटमध्ये लाइन थांबवणे हा गुन्हा होता. व्यवस्थापकाची बढती दिवसाच्या गाड्यांच्या संख्येवर ठरायची. त्यामुळे दोष दिसला तरी गाडी पुढे, शेवटी दुरुस्तीच्या आवारात. तिथे एक स्क्रू काढायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागे, आणि उतरवताना नवे ओरखडे पडत. व्हेगाच्या लॉर्डस्टाउन कारखान्यात तर तासाला १०० गाड्यांचा वेग ठेवला होता, म्हणजे एका कामगाराला एका गाडीमागे ३६ सेकंद. १९७२ मध्ये तिथे संप झाला.

आणखी एक फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डचा एकच गिअरबॉक्स दोन ठिकाणी बनायचा : स्वतःच्या कारखान्यात आणि जपानमध्ये माझ्दाकडे. ड्रॉइंग एकच. तरी माझ्दाचा शांत चालायचा, वॉरंटीचा खर्चही कमी. फोर्डने दोन्ही खोलून मोजले. फोर्डचे सगळे भाग मर्यादेत बसत होते, पण मर्यादेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेले. माझ्दाचे भाग नेमक्या मधल्या मापाभोवती गोळा झालेले. एक शाफ्ट जाडीकडे झुकलेला आणि त्याचे बेअरिंग लहानीकडे झुकलेले, दोन्ही ‘पास’; पण जोडी घट्ट बसते, तापते, आवाज करते. माप मर्यादेत आहे का एवढेच विचारणारा तपासनीस हे कधीच पकडू शकत नाही.

प्रश्न : मी उत्पादन अभियांत्रिकी शिकतो. दोन तासांच्या साठ्यावर कारखाना चालवायचा तर कानबान कार्डे किती काढायची? आणि प्रेसची डाय काही मिनिटांत कशी बदलतात?

कानबान म्हणजे सुट्या भागांच्या पेटीबरोबर फिरणारे, नवा माल मागवणारे कार्ड. त्याचा हिशेब सोपा आहे : तासाची गरज गुणिले कार्ड फिरून परत यायला लागणारे तास, त्यावर थोडी राखीव, आणि येणाऱ्या संख्येला एका पेटीतल्या नगांनी भागायचे. लाइनला तासाला ६० नग लागतात, कार्डाचा फेरा २ तासांचा, राखीव १० टक्के, पेटीत १० नग. ६० × २ × १.१ = १३२; भागिले १० म्हणजे १३.२. कार्डे १४. सुरळीत चालले की एक कार्ड काढून घ्यायचे आणि कुठे अडते ते पाहायचे. अडले तिथे दोष सापडला. राखीव वाढवून तो झाकायचा नाही.

हे फसते ते मुख्यतः दोन कारणांनी. सकाळभर एकच मॉडेल आणि दुपारभर दुसरे असे उत्पादन काढले तर तासाची गरज वर-खाली होते आणि १४ कार्डे कधी अपुरी, कधी फाजील ठरतात. म्हणून आधी मॉडेल्स आलटून-पालटून लाइनवर सोडावी लागतात. दुसरे, पेटीत एक जरी खराब नग आला तरी लाइन अडखळते. पुरवठादाराची प्रक्रिया सुधारल्याशिवाय साठा कमी करणे म्हणजे पोहता येत नसताना डोहात उडी.

डाय म्हणजे प्रेसमध्ये पत्र्याला आकार देणारा साचा. तो बदलण्याची पद्धत शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने टोयोटासोबत बसवली. १९७० च्या सुमारास १,००० टनी प्रेसवर चार तासांचे काम आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आले. क्रम असा :

१. बदलाचे चित्रीकरण करा आणि प्रत्येक हालचालीची वेळ लिहा.
२. कामांच्या दोन याद्या करा : प्रेस बंद असतानाच होणारी, आणि चालू असतानाही उरकता येणारी. पुढची डाय आणणे, साफ करणे, पाने-बोल्ट मांडून ठेवणे ही सगळी दुसऱ्या यादीत गेली पाहिजेत. बराच वेळ इथेच वाचतो.
३. सर्व डायांची बंद उंची (साचा मिटल्यावरची उंची) ठोकळे लावून एकसारखी करा, म्हणजे प्रेसचा स्ट्रोक दर वेळी लावावा लागत नाही.
४. क्लॅम्पची जाडी एकच ठेवा. बोल्ट पंधरा आटे फिरवण्यापेक्षा एका फेऱ्यात घट्ट होईल असा करा. पकड शेवटच्या आट्यालाच येते, बाकी चौदा वाया.
५. डाय जागेवर आपोआप बसावी म्हणून मार्गदर्शक पिना लावा. ‘जरा इकडे, जरा तिकडे’ आणि चाचणीचे पत्रे यांतच सर्वाधिक वेळ जातो.

अमेरिकेत डाय बदलायला खास कारागीर आणि कधी अख्खी पाळी लागे. म्हणून एकदा डाय चढवली की हजारो पत्रे काढून ठेवायचे. पहिल्याच पत्र्याला चीर असली तर ती कळायची जोडणी सुरू झाल्यावर, तोवर गोदाम भरलेले.

प्रश्न : जपानी शिस्त जपानी माणसात असते. अमेरिकी कामगाराला हे कसे जमावे?

जमले, आणि तेही डेट्रॉइटने टाकून दिलेल्या कामगारांना. कॅलिफोर्नियातला फ्रीमाँट कारखाना जनरल मोटर्सने १९८२ मध्ये बंद केला. तिथे दिवसाला साधारण पाचातला एक कामगार गैरहजर असे. दारू, भांडणे, तक्रारींचे ढीग. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने तो नुम्मी या नावाने एकत्र सुरू केला. युनियन तीच, बहुतेक कामगार तेच. टीम लीडरांना ताकाओकाला नेऊन शिकवले, कामाच्या डझनावारी वर्गवाऱ्या मोडून मोजक्या ठेवल्या, दोरी बसवली. एमआयटीच्या त्याच पाहणीत नुम्मीचे दोष शंभराला ४५, ताकाओकाइतकेच. वेळ १९ तास.

मग जनरल मोटर्सने हे सगळीकडे का नेले नाही? नेऊ पाहिले. लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाईस कारखान्यात टीम केल्या, पण दोरी ओढण्याचे धाडस कोणालाच नव्हते, कारण फोरमनचा बोनस अजूनही संख्येवरच होता. पुरवठादाराकडून न बसणारा भाग आला तर नुम्मीत टोयोटाची माणसे त्याच्या कारखान्यात जाऊन ठाकत. व्हॅन नाईसमध्ये अभियंत्यांना कळवायचे आणि पुढच्या मॉडेलची वाट पाहायची. १९९२ मध्ये तोही कारखाना बंद पडला. दोरी विकत घेता येते. खरेदी, डिझाइन, बढती हे सगळे तिच्याभोवती बदलावे लागते, आणि ते कारखान्याच्या व्यवस्थापकाच्या हातात नसते.

प्रश्न : युनियनचे भरमसाट पगार हे खरे कारण तुम्ही टाळता आहात.

टाळत नाही, पण त्याला त्याच्या काळात ठेवतो. होंडाने नोव्हेंबर १९८२ मध्ये ओहायोतल्या मेरीसव्हिल येथे अकॉर्ड बनवायला सुरुवात केली, निस्सानने १९८३ मध्ये टेनेसीत, टोयोटाने १९८८ मध्ये केंटकीत. कामगार अमेरिकी, मजुरी युनियनच्या दरांच्या फार खाली नाही. गाड्या तरीही चांगल्याच निघाल्या.

खरा बोजा निवृत्तांचा होता. १९५० च्या करारापासून जनरल मोटर्सने पेन्शन आणि आरोग्यविम्याची जबाबदारी घेतली. कंपनी वाढत होती तोवर ती हलकी वाटली. २००० नंतर आरोग्यखर्चच एका गाडीमागे सुमारे १,५०० डॉलरवर गेला. जपान्यांचे अमेरिकी कारखाने तरुण होते, त्यांना निवृत्त कामगार जवळजवळ नव्हतेच. २००७ मध्ये हा भार युनियनच्या स्वतंत्र निधीकडे सोपवण्याचा करार झाला, पण वर्षभरातच बाजार कोसळला. म्हणजे या खर्चाने कंपनीला बुडवले हे बरेचसे खरे, ग्राहक मात्र त्याने पळाले नाहीत.

प्रश्न : सरकारने जपानी गाड्या रोखल्या असत्या तर?

रोखल्या होत्या. मे १९८१ पासून जपानने ‘स्वेच्छेने’ निर्यात वर्षाला १६.८ लाख मोटारींवर आणली. पुढे मर्यादा १८.५ आणि मग २३ लाख झाली. मर्यादा नगांवर होती, किमतीवर नव्हती. मग जपान्यांनी प्रत्येक नगात जास्त सामान भरून महाग गाड्या पाठवल्या, डीलरांनी छापील किमतीवर आणखी चढवले, आणि तो पैसा अमेरिकेतल्या कारखान्यांना आणि अॅक्युरा (१९८६), लेक्सस व इन्फिनिटी (१९८९) या श्रीमंती ब्रँडना कामी आला. डेट्रॉइटनेही भाव वाढवून नफा कमावला. जनरल मोटर्सने तो रोबोंवर आणि ईडीएस व ह्यूज या मोटारधंद्याबाहेरच्या कंपन्या घेण्यावर घातला.

याहून परिणामकारक ठरली ती १९६४ पासूनची हलक्या ट्रकवरची २५ टक्के जकात. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर लावला त्याचा सूड म्हणून ती आली, रोख होता फोक्सवॅगनच्या व्हॅनवर. गंमत म्हणजे शेव्हरोले आणि फोर्ड स्वतःच जपानहून छोटे पिकअप आणत, मागचा हौदा न लावता, कारण नुसत्या चासिस-केबिनवर जकात ४ टक्के होती. ही पळवाट १९८० मध्ये बुजवली. मोटारींवरची जकात मात्र उतरत २.५ टक्क्यांवर आली आणि २०२५ पर्यंत तिथेच राहिली. शिवाय ट्रकला मायलेजचा नियम सैल, १९९६ ते २००४ गॅलनला २०.७ मैल. आणि एसयूव्हीही त्या नियमात ट्रकच. १९९० च्या दशकात डेट्रॉइटने सगळी ताकद तिथे लावली यात नवल नाही. २००८ मध्ये पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेल्यावर १९७९ ची पुनरावृत्ती झाली.

प्रश्न : जपानने आपली बाजारपेठ बंद ठेवली, त्याचे काय?

मोटारींवरची जकात जपानने १९७८ मध्येच शून्यावर आणली. अडचणी इतरत्र होत्या : दोन हजार सीसीवरच्या किंवा रुंद गाड्यांना १९८९ पर्यंत जबर वार्षिक कर, कडक तपासणी, एकाच कंपनीला बांधलेले डीलर. पण डाव्या बाजूने चालणाऱ्या देशात डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाड्या वर्षानुवर्षे पाठवणे हा डेट्रॉइटचा स्वतःचा निर्णय होता. उजव्या स्टिअरिंगची शेव्हरोले कॅव्हलियर टोयोटाच्या नावाने १९९६ ते २००० विकून पाहिली. खपली नाही.

प्रश्न : मग आता अमेरिकेत डेट्रॉइटकडे उरले काय?

पिकअप. २०२१ मध्ये टोयोटाने अमेरिकेत जनरल मोटर्सपेक्षा जास्त गाड्या विकल्या. १९३१ नंतर प्रथमच जनरल मोटर्सचा पहिला क्रमांक गेला. त्या वर्षी चिपटंचाईचाही हात होता, आणि पुढच्या वर्षी तो परत आला. सेडानचे रण सोडायचे फोर्डने २०१८ मध्येच ठरवले, मस्टँग तेवढी ठेवून. मोठ्या पिकअपमध्ये मात्र जपान्यांचे दात लागलेले नाहीत. टोयोटाची १९९० च्या दशकातली टी-१०० आकाराने अडनिडी आणि व्ही-८ नसलेली. टुंड्रा २००६ पासून टेक्सासमध्ये बनते, तरी खप फोर्ड आणि शेव्हरोलेच्या कितीतरी खाली. या ग्राहकाला केबिन तीन लांबीची, हौदा तीन लांबीचा, चार इंजिने आणि हवे ते अॅक्सल गुणोत्तर निवडायचे असते. मोजकेच प्रकार काढून प्रत्येक निर्दोष करायची जपानी पद्धत इथे तोकडी पडते.